ताऱ्याची नोट

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा
मी मेथी निवडत होते.
सीए-१२५ : एक्केचाळीस पूर्णांक सहा.
आकड्याला लागून एक बारीक तारा छापलेला,
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत :
पस्तीसच्या आत असावे.

ऑगस्टात अकरा होतं. नोव्हेंबरात चौदा.

मेथी निवडून झाली. देठ वेगळे, पानं वेगळी.
भाजी काही केली नाही.

एकतीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या मी.
ताव पुढ्यात यायचा, डोळा खाली उतरायचा,
नंबर चुकला, शाई पसरली, कडेची रेघ सरकली
की लाल पेन्सिलीची खूण,
की पुढचा ताव.
आकड्याला घाबरतात
हे तिथं कुणी शिकवलं नाही.
चुकायचा तो नंबर. मी खुर्चीत.

डॉक्टर गांगुर्डे म्हणाले,
"एकट्या आकड्याला दिशा नसते, कुमुदिनीताई.
पोटातल्या साध्या सुजेनंही चढतो.
मध्ये एक स्कॅन करू, आणि चार आठवड्यांनी परत रक्त."
चार आठवडे.
चहासोबतची चार बिस्किटं म्हणावीत, तसं म्हणाले.
तोवर काय करायचं, विचारलं मी.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"जेवायचं."

ह्यांनी त्या रात्रीपासून
मोबाइलचा उजेड कमी करून वाचायला घेतलं.
पाठ माझ्याकडे.
सकाळी काही न बोलता माझं बीपी मोजायचे,
घरात मोजायचं तेवढं एकच यंत्र.
एकशे बावीस, ब्याऐंशी.
वहीत लिहायचे, तारीख घालून,
खाली रेघ मारून.

आंघोळीला पोटावरचे ते तीन ठिपके दिसतात,
रेडिएशनवाल्या पोरीनं सुईनं गोंदलेले,
यंत्राचा नेम रोज त्याच जागी बसावा म्हणून.
आमच्या तावांच्या कडेलाही अशाच खुणा असायच्या,
रंगावर रंग बिनचूक उतरायला.
छपाई झाली की कडा कापून टाकायचे.
माझ्या राहिल्या.

तिसऱ्या आठवड्यात झुलेखा आली, देवळाली गावातून,
रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडून.
शेजारच्या टेबलावर बसायची ती, एकोणीस वर्षं.
चष्मा कपाळावर सारून रिपोर्ट वाचला,
आणि बोट ताऱ्यावर ठेवलं.
"हा बघ. आपल्याकडे तारा म्हणजे काय गं?
खराब नोट काढली की तिच्या जागी
ताऱ्याची जायची. किंमत तीच.
तुझं खराब ते काढलंय ना?
मग तू ताऱ्याची. चलनात आहेस."

मला ते पटलं नाही.
लॅबमधला तारा आणि आमचा तारा
एका खात्यातले नव्हेत, हे तिलाही ठाऊक होतं.
पण हसू आलं. हसताना
टाक्यांची जागा ओढली गेली,
आणि ती ओढ किती तरी वेळ टिकली,
झुलेखा चहा संपवून गेल्यावरही.

स्कॅनवाले म्हणाले, रिपोर्ट सोमवारी.
सोमवारच्या आधी एक रविवार होता.
रविवार फार लांब असतो.
सोमवारी त्यांनी लिहिलं : ठळक काही नाही.
ठळक, या शब्दाशी मी रात्रभर बसले.

आज शरणपूर रोडची लॅब, सकाळी साडेसात.
फेब्रुवारी संपत आला तरी थंडी हटत नाही.
पोरीनं दंडाला रबर बांधलं,
शीर शोधता शोधता विचारलं, "भीती वाटते का, काकू?"
वाटते, म्हटलं. तू टोच.
बाटली भरली. तिनं लेबल चिकटवलं.
थांब, म्हटलं मी,
आणि लेबलवरचा नंबर पावतीशी ताडून बघितला.
दोनदा. जुनी खोड.
जुळला.

बाहेर कोपऱ्यावर द्राक्षांची गाडी.
किलोभर दे, म्हणाले हे.
त्यानं घड मागून घड टाकला, काटा बघितला.
"सव्वा झालं मावशी. कमी करू?"

राहू दे, म्हटलं.